थांबलेली परिक्रमा

नर्मदा परिक्रमा हा विषय मराठी वाचकांना नवा नाही. गो. नी. दांडेकरांच्या ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ने तो घरोघरी नेला, जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने पुढच्या पिढीतील अनेकांना पाठीवर झोळी घ्यायला लावली, आणि आज कार्तिक महिन्यात ओंकारेश्वरच्या घाटावर उभे राहिले तर चहूबाजूंनी मराठी कानावर पडते. मात्र या विषयावरील लिखाणात निघणे आणि पूर्ण करणे या दोन गोष्टींनाच मोठे स्थान असते. मध्येच थांबावे लागलेल्यांविषयी फारसे लिहिले जात नाही. वस्तुतः आजारपण, अपघात, घरचे निकड असलेले बोलावणे अशा कारणांनी परतणाऱ्यांची संख्या थोडी नसते. त्यांच्यापैकी काही जण पुन्हा जातात. प्रस्तुत लेखक त्यांतील एक आहे.

आधी या वाटेचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अमरकंटकपासून भडोचजवळ खंबातच्या आखातापर्यंत नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे म्हणजे २६०० किलोमीटरांहून अधिक, आणि वाटेतील वळसे धरले तर हा आकडा आणखी वाढतो. पात्र कोठेही ओलांडायचे नाही. समुद्राशी मात्र दक्षिण तटावरून उत्तर तटावर नावेने जायचे. चातुर्मासात चालायचे नाही. परंपरेने सांगितलेला काळ ३ वर्षे, ३ महिने, १३ दिवसांचा आहे. आजकाल बहुतेक लोक चार ते सहा महिन्यांत परिक्रमा पूर्ण करतात. बरोबर एका लहान कुपीत नर्मदेचे जल घ्यायचे, सकाळ-संध्याकाळ त्याची पूजा करायची, आणि घाटाघाटावर त्यातील थोडे नदीत सोडून थोडे नवे भरून घ्यायचे.

सामान फार नको असते, कारण वाटेवर घरे असतात. संध्याकाळी एखाद्या ओसरीपुढे उभे राहून ‘नर्मदे हर’ म्हटले की आतून तोच प्रतिसाद येतो आणि लगेच विचारणा होते, ‘किती मूर्ती?’ परिक्रमावासी हा तेथे माणूस म्हणून मोजला जात नाही, मूर्ती म्हणून मोजला जातो. मग ‘आसन लगाओ’ असे सांगून जागा दाखवली जाते. कोठे शिजवलेले अन्न मिळते, कोठे ‘सदाव्रत’ म्हणजे पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा मिळतो आणि चूल स्वतः पेटवायची असते. सकाळच्या न्याहारीला ‘बालभोग’ म्हणतात. खरगोन जिल्ह्यातील तेली भट्ट्याण येथे संत सियाराम बाबा येणाऱ्या परिक्रमावासीयांना चहा देत. देणगी म्हणून दहा रुपयांवर एक पैसाही ते घेत नसत. ११ डिसेंबर २०२४ रोजी त्यांनी देह ठेवला. त्यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु ज्यांचे नाव चार कोसांपलीकडे कोणाला ठाऊक नाही अशा शेकडो घरांवर ही वाट उभी आहे, आणि त्यांतील पुष्कळ घरांत पुढच्या महिन्याचे धान्य असतेच असे नाही.

अमेरिकेत ॲपालेशियन ट्रेल नावाची सुमारे ३५०० किलोमीटरांची डोंगरवाट आहे. ती १९३७ साली सलग पूर्ण झाली आणि चौदा राज्यांतून जाते. तिच्यावरही वाटसरूंना पाणी, जेवण, गाडीची सोय पुरवणारे अनोळखी लोक आहेत आणि त्यांना तिकडे ‘वाटेवरचे देवदूत’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. अर्ल शॅफर या गृहस्थांनी १९४८ साली ही वाट प्रथमच एका दमात चालून दाखवली. १९६५ साली ते परत गेले आणि १९९८ साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, तिसऱ्यांदा गेले. आपल्याकडे जबलपूरचे चित्रकार आणि लेखक अमृतलाल वेगड (१९२८–२०१८) यांचे उदाहरण अधिक जवळचे. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेल्या वेगडांनी १९७७ साली, पन्नाशीच्या आसपास, परिक्रमा आरंभली आणि ती तुकड्यातुकड्यांनी केली. वेळ मिळेल तसे निघायचे, थांबले तेथून पुन्हा धरायचे. पुढे पंचाहत्तरीत, २००२ साली, ते पत्नीसह पुन्हा त्याच काठाने निघाले. खंडाखंडाने केलेल्या परिक्रमेला कमी लेखणाऱ्यांनी त्यांची पुस्तके एकदा वाचावीत, एवढेच म्हणतो.

माझ्या परिक्रमेचा खंड मात्र योजलेला नव्हता. केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून निवृत्त झाल्यावर मी नोव्हेंबर २०१८ च्या अखेरीस बेंगळुरूहून ओंकारेश्वरला आलो, ममलेश्वराचे दर्शन घेऊन दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालो. (नदीतील बेटावरचे ओंकारेश्वराचे मंदिर आधी पाहायचे नसते, परिक्रमा संपल्यावरच तेथे जल वाहायचे असते.) रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी एक दुपार थांबलो. २८ एप्रिल १७४० रोजी हा पराक्रमी पुरुष या एकाकी काठावर गेला. समाधीपुढे बसले की समोर फक्त नदी दिसते. तेथून निमाडची सपाट, काळी शेते लागतात: कापूस, मिरची, केळी. अकराव्या दिवशी, बडवानीच्या अलीकडे, एका उतारावरून नदीकडे जाताना माती सरकली आणि डावा घोटा मोडला.

आवाज ऐकून शेतातून एक गृहस्थ आले, वयाने साधारण माझ्याएवढेच. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवतावर झोपवून बडवानीच्या रुग्णालयात नेले. प्लास्टर झाल्यावर परत आपल्या घरी आणले. सहा दिवस मी त्या घरी होतो. घरातील सर्व जण त्या गृहस्थांना ‘दाजी’ म्हणत, म्हणून मीही दाजीच म्हणू लागलो. त्यांच्या पत्नीला ‘माय’. माय रोज सकाळी माझ्या उशाशी ठेवलेल्या कुपीची पूजा आधी करी आणि मग स्वतःच्या देवांची. निघताना मी पैसे पुढे केले तेव्हा दाजींनी ते पाहिले नाहीत असे दाखवले. त्यांची काळजी वेगळीच होती. ते म्हणाले, ‘बाबाजी, तुम्ही नदी ओलांडलेली नाही. येथून खरगोन, खांडवा, पुढे तुमचा मुलुख, सगळे दक्षिणेलाच. परिक्रमा मोडली नाही, थांबली आहे. कुपी येथे ठेवा. आलात की उचला.’

हा हिशेब त्यांनी माझ्यासाठी आधीच करून ठेवला होता. बेंगळुरूहून दिल्लीकडे जाणारी कर्नाटक एक्स्प्रेस दौंड, मनमाड, भुसावळ करत खांडव्याला येते आणि पुढे इटारसी सोडल्यावर होशंगाबाद, म्हणजे आजचे नर्मदापुरम, येथील पुलावरून नर्मदा ओलांडते. खांडव्याला चढणारा-उतरणारा प्रवासी काठाच्या दक्षिणेलाच राहतो. दक्षिणेत राहणाऱ्या मराठी माणसाला याचा असा उपयोग होईल हे माझ्या कधी ध्यानात आले नव्हते.

त्यानंतरची जवळजवळ चार वर्षे बेंगळुरूत गेली. घोट्यात बसवलेल्या पट्टीने पहिले वर्ष खाल्ले. वैद्यांनी चालायला सांगितले, म्हणून मुलगा मला सकाळी लालबागेत सोडू लागला. लालबागेच्या मध्यावर जो उघडा खडक आहे तो भूवैज्ञानिकांच्या मते सुमारे तीनशे कोटी वर्षांपूर्वीचा. राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून तेथे फलकही आहे. त्या खडकाचा सौम्य चढ हे माझे पहिले लक्ष्य होते. काठी टेकत चढताना मागून एक कन्नड आजोबा येत आणि दोनच शब्द बोलत, ‘निधाना, निधाना.’ हळू, हळू. पुढे कळले की शबरीमलैची पायवाट ते कित्येकदा चालून आले होते. त्यांनी मला पायाला तेल कोणते लावावे, चप्पल कोठे शिवून घ्यावी, चढावर श्वास कसा सोडावा हे सर्व शिकवले, आणि माझे नाव मात्र शेवटपर्यंत विचारले नाही. वर्षभरात खडकाच्या माथ्यावरील केंपेगौडांच्या बुरुजापर्यंत मी काठीशिवाय जाऊ लागलो.

दरम्यान नर्मदेकाठी मोठी घटना घडली होती. सरदार सरोवर धरणाचे पाणी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. त्या पाण्याने गुजरातेतील कोरड्या तालुक्यांची तहान भागली हे खरे आहे आणि ते मान्य करायलाच हवे. वरच्या बाजूला बडवानी आणि धार जिल्ह्यांतील काठची गावे, घरे, शेते, घाट, देवळे त्याच पाण्याखाली गेली हेही तितकेच खरे. दाजींचे गाव त्यांत होते. मी दूरदर्शनच्या पडद्यावर देवळांचे कळस पाण्याबाहेर आलेले पाहिले आणि दाजींच्या मुलाला फोन केला. तो लागला नाही. पुन्हा कधीच लागला नाही. पाठोपाठ करोनाची साथ आली आणि दोन वर्षे कोणी कोठे जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

मला जी अडचण पडली होती ती बाहेरून पाहणाऱ्याला किरकोळ वाटेल. परिक्रमा जेथे थांबली तेथूनच उचलायची असा नियम आहे. ती जागा पाण्याखाली होती, कुपी कोठे होती हे ठाऊक नव्हते, आणि दाजी आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हते. ओंकारेश्वरहून पहिल्यापासून आरंभ करणे हा मार्ग मोकळा होता. घरच्यांनी तोच सुचवला. माझे मन त्याला तयार होईना. त्या सहा दिवसांचे काय करायचे हा प्रश्न सुटत नव्हता.

यातून वाट निघाली ती अनपेक्षित ठिकाणी. निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. २०२२ साली १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी होती, म्हणून मी २ तारखेला सकाळीच शाखेत पोहोचलो. खिडकीपलीकडील अधिकारी तरुणीने हिंदीत सहज विचारले, ‘सर, एवढी घाई कसली? महिना आहे अजून.’ मी म्हटले, परवा देवउठनी एकादशी आहे, जमले तर नर्मदेवर जायचे आहे. तिने मान वर केली. ती अंजडची निघाली, बडवानीपासून थोड्याच अंतरावरच्या गावची. नोकरीच्या पहिल्याच नेमणुकीवर बेंगळुरूला आलेली. माझ्यामागे रांग होती, म्हणून तिने गावाचे नाव आणि दाजींचे वर्णन एका कागदावर लिहून घेतले व दुपारी फोन करते म्हणून सांगितले. ते तिच्या कामात बसत नव्हते. तिने वडिलांना विचारले, वडिलांनी त्यांच्या शाळेतील एका निवृत्त मास्तरांना, मास्तरांनी ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला. सहाव्या दिवशी तिचा फोन आला: गाव तीन ठिकाणी विखुरले आहे, परंतु तुमचे दाजी सापडले. आपली ओळख तिने त्यांना ‘बाबाजींच्या बँकेतील’ एवढीच करून दिली होती.

एक रात्र आणि एक दिवस रेल्वेत काढून मी खांडव्याला उतरलो, तेथून खरगोनमार्गे बडवानीला पोहोचलो. बसस्थानकावर चहाच्या गाड्यावर पत्ता विचारला तेव्हा गाडेवाल्याने मला बसवून ठेवले, कोणालातरी हाक मारली आणि एका मुलाच्या मोटारसायकलवर बसवून दिले. चहाचे पैसे घेतले नाहीत. पाठीवरची झोळी आणि हातातील दंड पाहून तो समजायचे ते समजला होता.

विस्थापितांच्या नव्या वसाहतीला तिकडे ‘बसाहट’ म्हणतात. प्रत्येक कुटुंबाला घरासाठी ६० फूट × ९० फूट अशी जागा, सरळ आखलेले रस्ते, विजेचे खांब. झाडे अजून लहान. जुन्या गावात घरे जशी एकमेकांना टेकून होती तशी येथे नाहीत. हाक मारली तर ती शेजारी पोहोचत नाही, ही मायची मुख्य तक्रार. दाजी खूप वाळले होते. दोन खोल्या विटांच्या, पुढे पत्र्याची पडवी, आणि पडवीच्या कोपऱ्यात देव्हारा. कुपी देव्हाऱ्यात होती. तिच्या तोंडाला बांधलेला माझा लाल दोरा विटून पांढरा झाला होता.

घर सोडताना त्यांनी काय काय उचलले हे मायने मला बोटांवर मोजून सांगितले. दळणाचे जाते राहिले, कारण ते जड होते. लाकडी दरवाजा काढून आणला. देवघरातील देव आणि कुपी तिने स्वतः ओटीत घेतली, ट्रॅक्टरवर ठेवू दिली नाही. ‘परक्याची ठेव आहे, आधी ती,’ असे ती म्हणाली होती, हे सुनेने मागाहून सांगितले. ठेव हा शब्द माझ्या आयुष्यात मी पुष्कळ वेळा, पुष्कळ अर्जांवर वाचला आहे. इतक्या गांभीर्याने उच्चारलेला तोवर ऐकला नव्हता.

नियमाचा प्रश्न दाजींनी दोन वाक्यांत सोडवला. जागा बुडाली, पण तुम्ही जल ज्या घरी ठेवून गेलात ते घर येथे आले आहे. तेव्हा थांबलात ते येथेच. बसाहटीतील एका वृद्ध पुरोहितांनीही त्याला मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींचा मुलगा मला तीन किलोमीटर चालवत पाण्यापर्यंत घेऊन गेला. घाट नव्हता. बाभळींचे वाळलेले शेंडे पाण्यातून वर आले होते आणि किनारा चिखलाचा होता. कुपीतील थोडे जल सोडले, थोडे नवे भरले. त्याने पाण्यात दूरवर हात करून दाखवले: ‘तेथे आपली ओसरी.’ मग तो मोबाइल कानाला लावून कापसाच्या भावाविषयी बोलत परत गेला आणि मी उजव्या हाताला नदी ठेवून चालू लागलो.

पुढील प्रवासाविषयी विस्ताराने लिहिण्याचे हे स्थळ नव्हे. पूर्वसूरींनी ते काम उत्तम केले आहे. एक नोंद मात्र केली पाहिजे. बडवानीनंतर सातपुड्यातील शूलपाणीची झाडी लागते आणि वाट काही दिवस महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील धडगावच्या डोंगरांत शिरते. जुन्या प्रवासवर्णनांत या पट्ट्यात भिल्ल ‘मामा’ परिक्रमावासीयांना लुटत, अंगावरचे वस्त्रही ठेवत नसत, असे वर्णन येते आणि ते वाचून मनात धास्ती असते. मला तेथे प्रत्येक पाड्यावर भाकरी मिळाली. एका चढावर माझा घोटा सुजला असता, बकऱ्या चारणारा एक मुलगा काही न बोलता माझी झोळी घेऊन पुढे चालू लागला आणि माथ्यावर ती खाली ठेवून आपल्या बकऱ्यांकडे उतरून गेला. त्याची माझी भाषा जुळत नव्हती. आभार मानायला मला अवधीही मिळाला नाही.

विमलेश्वरला भरतीची वाट पाहत थांबणे, मग नावेतून खाडी ओलांडून मिठी तलाईला उतरणे, आणि तेथून उत्तर तटाने अमरकंटककडे चढत जाणे, हा क्रम सर्वांचा सारखाच. अमरकंटकला वळसा घालून पुन्हा दक्षिण तटाने उतरलो आणि मार्च २०२३ च्या अखेरीस मी ओंकारेश्वरला पोहोचलो. बेटावर जाऊन जल वाहिले, कढई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद केला, कन्यांना जेवू घातले. त्या अंजडच्या तरुणीची आता दुसऱ्या राज्यात बदली झाली आहे. प्रसादाची पुडी तिला टपालाने पाठवली होती, ती पोहोचल्याचे तिने कळवले.

ज्या वाचकांना परिक्रमा मध्येच सोडावी लागली आहे, त्यांच्यासाठी दोन व्यवहारोपयोगी गोष्टी. निघताना ओळखपत्र करून घ्यावे आणि वाटेतील पंचायती, आश्रम जे शिक्के मारून देतात ती वही जपून ठेवावी. खातेपुस्तकाप्रमाणे शेवटची नोंद कोठे आहे ते तीवरूनच दाखवता येते, आणि परतल्यावर लोक ती पाहून लगेच जागा देतात. ज्या घरी मुक्काम केला त्या घरचा पत्ता एकाच फोनक्रमांकाच्या भरवशावर ठेवू नये. जवळच्या बाजारगावातील शाळा, दुकान, दवाखाना असे एखादे ठिकाण टिपून ठेवावे. भारती ठाकूर यांच्यासारखे काही जण तर परिक्रमेनंतर तेथेच राहायला गेले आहेत. २००५ साली त्या परिक्रमेला निघाल्या आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी लेपा पुनर्वसन येथे काठच्या मुलांसाठी ‘नर्मदालय’ उभे केले. एवढे सर्वांना जमणारे नाही. पत्ता टिपणे जमण्यासारखे आहे.

पाणी वाढल्यापासून परिक्रमेची वाट त्या भागात काठ सोडून वर सरकली आहे आणि आता ती बसाहटीच्या रस्त्यावरून, दाजींच्या दारावरून जाते. पत्र्याच्या पडवीला त्यांनी भिंती घातल्या आहेत. गेल्या वर्षी मुलाने दारावर लावायच्या फलकासाठी मराठी मजकूर मागितला, कारण येणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ. मी लिहून पाठवला: ‘परिक्रमावासीयांसाठी मुक्काम व भोजन. नर्मदामाई येथून ३ कि.मी.’ त्याने फलकाचे छायाचित्र पाठवले. सर्व अक्षरे निळ्या रंगात आहेत, आणि अंतराची जागा त्याने मोकळी ठेवली आहे. पावसाळ्यानंतर पाणी जवळ येते, उन्हाळ्यात मागे हटते. म्हणून तो आकडा ते खडूने लिहितात.